जेलीवाले व्याही

आमच्या चांदा जिल्ह्यात माणसाला मरायला कारणांची कमी नाही. जंगलात वाघ आहे, बांधावर साप आहे, घरात हिवताप आहे, आणि पुराच्या दिवसांत वैनगंगा ओलांडायची असेल तर होडी आहे. या सगळ्यांतून मी धडधाकट वाचलो. माझं रक्त जर कुणी आटवलं असेल तर ते एकट्या माझ्या व्याह्यांनी. पृथ्वीच्या पाठीवर चिकाला मिरची लावून खाणारा इसम आजवर एकच जन्माला आला, आणि चामोर्शीत इतकी घरं असताना देवानं त्याची मुलगी नेमकी माझ्या घरात सून म्हणून पाठवली. याबद्दल देवाशी माझं भांडण आहेच, पण देव निदान उलट बोलत नाही. व्याही बोलत.

चीक म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांची मला कीव येते, तरी सांगतो. गाय किंवा म्हैस व्याली की पहिले दोन-तीन दिवस जे घट्ट, पिवळसर दूध देते तो चीक. त्यात गूळ घालावा, जायफळ उगाळावं, वाफेवर ठेवावं, की थरथरणारी मऊ वडी जमते. तिलाही आम्ही चीकच म्हणतो. पुण्याकडचे लोक खरवस म्हणतात, म्हणोत बापडे. चीक विकायचा नसतो. ज्याच्या गोठ्यात जनावर व्यालं त्यानं शेजारीपाजारी, सोयऱ्याधायऱ्यांकडे एकेक गंज चीक पाठवायचा. पातेल्याला आमच्याकडे गंज म्हणतात. घेणाऱ्यानं तो गंज रिकामा परत करायचा नाही. त्यात तांदूळ घालून वर गुळाचा खडा ठेवून द्यायचा, म्हणजे जनावराचं दूध आटत नाही. कोण जाणे कधीपासून ही रीत चालत आलेली आहे, आणि तिच्यात कुणाला काही खोट दिसली नव्हती. आता या सगळ्यात जेली कुठे बसते? कुठेच बसत नाही. तेच तर माझं म्हणणं आहे.

ही जेली त्यांनी जंगलातून आणली. व्याही आयुष्यभर लाकडाच्या डेपोवर मुन्शी होते. इंग्रजांच्या काळात त्यांच्या डेपोजवळच्या बंगल्यावर कुणी साहेब येऊन राहायचा, आणि त्याला जेवणाच्या शेवटी डब्यातलं विलायती चीज लागायचं. चीज म्हणजे नासलेल्या दुधाचा मऊ गोळा. त्यावर लावून खायला जेली हवी. विलायती फळं या रानात कुठली मिळणार? तेव्हा बंगल्यावरच्या खानसाम्यानं डोकं लढवून लाल अंबाडीची फुलं उकळली, गाळली, साखर घातली आणि माणकासारखी लालभडक जेली जमवली. साहेब खूश झाला. गोष्ट इथेच संपायला हवी होती. पण मुन्शीजींनी ती चाखली, साहेबाचा गोळाही चाखला, आणि त्यांच्या मनानं घेतलं की हा गोळा म्हणजे आपला बिनगुळाचा चीकच आहे, आणि त्यावर गोड जेली लावणं हा गाढवपणा आहे. त्यांनी खानसाम्याच्या कढईत भिवापुरी मिरची वाटून टाकली. पुढे साहेबाचं राज्य गेलं. त्याची कारणं शाळेच्या पुस्तकांत निराळी दिलेली आहेत, पण आमच्या व्याह्यांचं निदान ठरलेलं होतं. ते म्हणायचे, "ज्याले चिकावर काय लावावं ते समजत नाई, तो राज्य काय करन जी!"

पेन्शनीत गेल्यावर बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, काठच्या घरात त्यांनी हाच उद्योग मांडला. थंडीत अंबाडी लाल झाली की अंगणात चूल पेटे. विहीणबाईंना ते त्या चुलीच्या जवळपास फिरकू देत नसत. स्वतः उकिडवं बसून ढवळायचं, थेंब थेंब पितळेच्या ताटलीवर टाकायचा आणि नखानं सरकवून बघायचा. थेंबावर सुरकुती आली की "झालीऽऽ" अशी आरोळी, की बोडीवरचे बगळे उडत. आरोळी हा त्यांचा नेहमीचाच आवाज होता. लाकडाच्या थप्पीपलीकडच्या माणसाशी बोलण्यात उमर गेल्यामुळे समोर बसलेल्या माणसाच्या आणि आपल्यामध्ये थप्पी नाही, हे त्यांच्या लक्षातच येत नसे. मग ती जेली औषधाच्या रुंद तोंडाच्या बाटल्यांत भरायची. त्यांतली एक त्यांच्या खाकी कोटाच्या खिशात कायम. वैशाखात चांद्याच्या उन्हात दगड फुटायची वेळ आली तरी कोट अंगावर, कारण कोट काढला तर बाटली कुठे ठेवायची?

असल्या माणसाशी मी सोयरीक केली कशी, हे मला अजून लोक विचारतात. मला फसवलं गेलं, हे माझं उत्तर. कुणी फसवलं ते सांगता येत नाही, एवढंच. सोयरीक आणणारे गुरुजी मला म्हणाले, "मुलीचे वडील साधी असामी नव्हे. जेलीवाले म्हणतात त्यांना." मी दुकानात कापड फाडत होतो. मला ऐकू आलं, जेलवाले. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. देशासाठी जेलात जाऊन आलेल्या माणसाची मुलगी घरात येणार म्हटल्यावर माझी छाती फुगली. मी ठेवणीतली खादीची टोपी घातली, बायकोनं जाडंभरडं नेसलं, आणि आम्ही बोडीकाठी मुलगी पाहायला गेलो. बोलणं मात्र मी वडिलांशीच केलं.

"आपन त्या दिवसांत लय सोसलं म्हनते," मी हात जोडून म्हटलं.

"सोसाच लागते जी," ते म्हणाले. "पयले पयले हात पोळले, अंगावर फोड आले. पन मी हटलो नाई."

माझ्या बायकोनं डोळ्यांना पदर लावला.

"साहेब काई बोलला नाई?"

"मी त्याच्या तोंडावर सांगतलं. म्हनलं, साहेब, तुमचं हे गोड गोड आमच्या देशात चालनार नाई."

माझ्या अंगावर काटा आला. "मंग काय केलं त्यानं?"

"काय करन बिचारा! गुपचूप खाल्ली."

मी समजलो, हार खाल्ली. तिथल्या तिथे मी शब्द देऊन टाकला. साखरपुड्याच्या दिवशी त्यांनी माझ्या हातात लाल बाटली ठेवली आणि म्हणाले, "हे आमची जेली." बायकोनं मोठ्या भक्तिभावानं ती बाटली कपाळाला लावून विचारलं, "जेलातून आनली का जी?" तेव्हा कुठे उलगडा झाला. पण दिलेला शब्द आणि फाडलेलं कापड परत घेता येत नाही, हे दुकानदाराला सांगावं लागत नाही.

तरी मी म्हटलं, असो, माणसाला एखादा नाद असतो. पण नाद एका बाटलीत मावणारा नव्हता. गोड या शब्दाशीच त्यांचं हाडवैर होतं. लग्नानंतर आमच्या घरी व्याहीभोजन झालं. पंगत उठायच्या सुमारास माझ्या बायकोनं सगळ्यांना हात जोडले आणि आपण सगळेच म्हणतो ते म्हटलं, "काई कमीजास्त झालं असन तं गोड मानून घ्या." पंगत "छे छे, झकास" असं पुटपुटली. व्याह्यांनी मात्र हातातला घास खाली ठेवला आणि थप्पीपलीकडच्या आवाजात विचारलं, "काऊन मानून घेऊ?" मग स्वतःच पुढे म्हणाले, "भाजी तिखट होती, मले आवडली. तिले तिखटच मानून घेतो. गोड काऊन मानून घेऊ?" एवढं बोलून त्यांनी खिशातली बाटली काढली आणि श्रीखंडावर, होय, केशर घातलेल्या माझ्या घरच्या श्रीखंडावर, चमचाभर लालभडक जेली थापली. शेजारी बसलेल्या भटजींनी आपलं पान उचलून थोडं पलीकडे सरकवलं.

संक्रांतीला लोक त्यांना बघून रस्ता बदलत. कुणी "तिळगूळ घ्या, गोड गोड बोला" म्हटलं की ते हात पुढे करत. "तिळगूळ देऊन टाक. बोलाचं मी पाहीन." कुणाला नातू झाला, तो पेढा घेऊन "गोड बातमी आहे" म्हणत आला, तर आधी विचारणार, "पोरगं रडते का नाई? रडते ना? मंग गोड कायची?" चहात साखर पडताना दिसली की यांचे डोळे असे व्हायचे, जणू त्यांच्या डेपोतलं सागवान कुणी चोरून नेत आहे. मी एकदा त्यांना शांतपणे, म्हणजे मला जमेल तितक्या शांतपणे, समजावलं की चीक मुळातच मऊ आणि सौम्य, त्याला गोडच शोभतं, मिरचीनं त्याची चव मरते. ते ऐकून घेतल्यासारखं करून म्हणाले, "ऐका इवाई. चीक म्हनजे गाईचा पयला शब्द. तुमी त्याच्यात गूळ कोंबता, मंग तिनं का सांगतलं ते कोनाले ऐकू येईन? गोडावर गोड म्हनजे इवायानं इवायाले मिठी मारल्यावानी. दिसाले झकास, आतमधी काईच नाई." आता व्याह्याच्या तोंडावर असं कुणी बोलतं का? व्याह्याच्या नात्यात उलट उत्तर देता येत नाही, मानपान आडवा येतो, आणि ही गोष्ट त्यांना पक्की ठाऊक होती. माझी अर्धी उत्तरं माझ्या पोटातच नासली.

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात आमची कपिला गाय व्याली. बायकोनं पहिला गंज व्याह्यांकडे पाठवला. घेऊन गेली मैनाबाई. ती आमच्या गोठ्याचं शेण काढते आणि धारही तीच काढते. गावातल्या बातम्या तिच्याच टोपलीतून घरोघर जातात. संध्याकाळी तिनं गंज परत आणला. तळाशी तांदूळ नव्हते. तळापासून गळ्यापर्यंत लालभडक जेली होती. सून स्वयंपाकघरातून धावत आली. इतके महिने खाली मान घालून वावरणारी ती पोरगी पहिल्यांदाच मोकळी हसली. "बाबाच्या हातची हाय," ती म्हणाली. बायकोला रंगानं भूल पडली. तिला वाटलं मुरंबा. तिनं मोठं बोट भरून चाटलं, आणि पुढचा अर्धा तास आमच्या घरातलं पाणी कमी पडलं. जीभ ठिकाणावर आल्यावर तिच्या ध्यानात खरी गोष्ट आली. "चिकाच्या गंजात तिखट!" ती किंचाळली. "आता गाईच्या कासेले आग लागते का नाई पाहा!"

आणि लागली. दोन दिवसांनी कपिलेची कास सुजली. ती धारेला लाथा झाडू लागली. ढोरांचे डॉक्टर येऊन गेले. ते म्हणाले, गोठा ओला असतो, कोरडा ठेवा. माझ्या बायकोनं त्यांना ताकसुद्धा विचारलं नाही. ज्या माणसाला ओल आणि मिरची यांतला फरक कळत नाही, त्याला डॉक्टर कुणी केलं, असं तिनं त्यांच्या पाठीमागे विचारलं. कपिला आठवड्यात बरी झाली, पण आमच्या घराचा निकाल लागला होता. चीक यापुढे त्या घरी जाणार नाही. मीही मान डोलावली. का डोलावू नये? मी गोडाच्या बाजूचा माणूस, आणि गाय माझी.

पुढे दिवाळी झाल्यावर भुरी म्हैस व्याली. भरपूर चीक निघाला. आळीत गेला, पोस्टात गेला, गुरुजींकडे गेला, वर्षातून दोनदा भेटणाऱ्या लांबच्या सोयऱ्यांकडे गेला. बोडीकाठी तेवढा गेला नाही. आमच्याकडे ज्या सोयऱ्याच्या घरी चीक जात नाही, तो सोयरा तुटला असं धरतात. हे मला ठाऊक होतं, बायकोला ठाऊक होतं, आणि गंज उचलताना तोंडाकडे बघणाऱ्या मैनाबाईलाही ठाऊक होतं. दुपारी पानं वाढली. सुनेनं सगळ्यांना चीक वाढला आणि आपल्या पानात वरणभात घेऊन बसली.

"तुले चीक नाई?" मी विचारलं.

"नोको मामाजी. पोटाले भारी होते."

बायको म्हणाली, बरं. मीही म्हणालो, बरं. पण जेवणाला चव आली नाही, आणि त्याचा मला भयंकर राग आला. गूळ बरोबर पडला होता, जायफळ होतं, वडी लोण्यासारखी मऊ होती. मग चव न यायला झालं काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओसरीवर दात घासत होतो, तोच फाटकातून आरोळी आली. "इवाई! हाओ का घरी?" सायकल कुंपणाला आदळली आणि खाकी कोट आत आला.

"या, बसा," मी चूळ भरत म्हटलं.

"बसाले नाई आलो. साऱ्या गावाले चीक गेला. माहा गंज कुठी अडकला ते पाहाले आलो."

बायको दाराआडून बोलली, "अडकला नाई जी. धाडलाच नाई. आमच्या कपिलेची कास सुजली तुमच्या मिरचीनं."

"मिरची खाल्ली मी अन कास सुजली तिची?" व्याही गरजले. "मंग मले हिवताप आला का तुमच्या म्हशीले कुनैन पाजत जा!"

आळीतली माणसं कुंपणाशी जमू लागली. मी म्हटलं, आता मानपान गेला खड्ड्यात, आज बोलायचंच. पण तेवढ्यात त्यांचा आवाज खाली आला. इतक्या खाली मी तो कधी ऐकला नव्हता.

"मले नाई धाडला ते सोडा. पन माह्या पोट्टीनं काल चीक खाल्ला नाई म्हनते मैनाबाई. ते काऊन?"

"तिचं पोट बरं नव्हतं," मी म्हणालो.

"गाय व्याची रायली का जे पोट्टी चिकासाठी गोठ्यात झोपे, तिचं पोट बरं नाई?" त्यांनी कोटाच्या बाहीनं तोंड पुसलं. "भांडन आपलं हाय, इवाई. तुमी गोडवाले, मी तिखटवाला. मरेपर्यंत भांडू. पन तिले मधात काऊन उपाशी ठेवून राह्यले?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी सुनेला उपाशी ठेवतो! माझ्या ओसरीवर, माझ्या आळीसमोर, हे बोलणं! मी तोंड उघडलं आणि दाराकडे पाहिलं. सून पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, बापाकडेही बघत नव्हती. बापाचं घर सोयऱ्यांतून गेलं तर या आळीत ती कुणाच्या तोंडाकडे बघून बोलणार होती? मी तोंड मिटलं. उघडलेलं तोंड तसंच मिटावं लागणं यासारखा संताप दुसरा नाही.

"चला," व्याही म्हणाले, "तुमच्या म्हशीलेच इचारू."

ते सरळ गोठ्यात शिरले. सुनेनं सासूकडे एकदा बघून कालची चिकाची वडी ताटलीत आणून दिली. व्याह्यांनी खिशातून बाटली काढली, वडीवर लाल थर दिला, आणि भुरीच्या पुढ्यात उभं राहून एक घास खाल्ला. "पाय बाई," ते म्हशीला म्हणाले, "चीक तुहा, मिरची माही. खाऊन राह्यलो. तुले काई होते का?" भुरीनं मान लांब केली, जीभ काढली आणि उरलेली वडी ताटलीसकट चाटून पुसून टाकली. मग तिनं बाटलीचं तोंड चाटलं. मग खाकी कोटाचा खिसा चाटला. कुंपणावर लोक हसून हसून आडवे झाले. संध्याकाळच्या धारेला पुन्हा सगळी आळी हजर. मैनाबाईनं बादली उचलून दाखवली. नेहमीइतकीच भरलेली होती.

"म्हैस हाय ते," माझी बायको म्हणाली. "म्हशीले का समजते!" पण तिच्या आवाजात दम उरला नव्हता. मग तिनं अट घातली. चीक धाडतो, पण गंजात रीतीप्रमाणे तांदूळच आले पाहिजेत. व्याही सायकलीवर टांग टाकता टाकता थांबले.

"तांदूळ तं कोनाच्याई घरून येते, इहीनबाई. माह्या घरून जेलीच येईन. नाई तं ठेवा तुमचा चीक."

एवढ्यावर सगळं पुन्हा मोडणार होतं. तडजोड काढली ती बायकोनंच, हे तिच्या नावावर लिहून ठेवायला हवं. तिनं माळ्यावरून जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, एक जुना, काठाला पोचा आलेला गंज काढला. हा गंज फक्त व्याह्यांचा. दुसऱ्या कुणाच्या घरी जायचा नाही, दुसरं काही त्यात ठेवायचं नाही. तिखट लागलं तर त्यालाच लागेल, बाकीच्या गंजांचा त्याच्याशी संबंध नाही. असल्या तोडग्याला शास्त्राचा काय आधार ते मला माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी गंज गेला, लालभडक होऊन परत आला, आणि सुनेनं पानात चीक घेतला. एका बाजूला गुळाचा, दुसऱ्या बाजूला जेलीचा थर. दोन्ही बाजूंनी खाल्ला. कोणती बाजू आधी संपली ते मी बघितलं नाही, कारण मला तो प्रकार बघवत नव्हता.

त्यानंतर प्रत्येक वेताला तो पोचा आलेला गंज जात राहिला, येत राहिला. व्याही चीक पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी न चुकता भांडायला येत. फाटकातून आरोळी ठोकली की गोठ्यात भुरी उठून उभी राहायची आणि मान लांब करायची, कारण आधी तिला बाटलीतलं बोट चाटवल्याशिवाय ते ओसरीवर येत नसत. मग आम्ही दोघं तासभर भांडायचो. मी गूळ म्हणायचो, ते मिरची म्हणायचे. त्यांनी एकदा मला चिमूटभर चाखायला लावली, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मिरचीमुळे, हे मी इथे स्वच्छ लिहून ठेवतो. नातू झाला तेव्हा तो कुणाच्या बाजूचा होणार यावर आमचं बारशाच्या पाळण्यापाशीच वाजलं. बायका गाणी म्हणायच्या थांबल्या.

गेल्या पावसाळ्यात ते तापानं आडवे झाले. डॉक्टरांनी तिखट बंद केलं. मी भेटायला गेलो तर खाटेवर कोट पांघरून पडलेले, आणि विहीणबाई चमच्यानं साखरपाणी पाजत होत्या. मला बघून त्यांनी जवळ यायची खूण केली. कान तोंडाशी न्यावा लागला. माझ्या आणि त्यांच्यामध्ये थप्पी नाही, हे त्यांना त्या एकाच दिवशी उमगलं.

"इवाई," ते म्हणाले, "गोड खाऊन मरून राह्यलो. कोनाले सांगू नोका."

मी म्हटलं, "मेले नाई अजून तुमी. अंबाडी लाल होऊ द्या, मंग पाहू." मला त्यांचा रागच आला होता. इतकी वर्षं भांडायचं आणि शेवटी साखरपाणी पिऊन मोकळं व्हायचं, ही काय रीत झाली? अंबाडी लाल व्हायच्या आधी ते गेले.

थंडीत भुरी पुन्हा व्याली. सुनेनं माळ्यावरून तो गंज काढून घासला, बायकोनं त्यात चीक ओतला, आणि मैनाबाई तो बोडीकाठी घेऊन गेली. माझं मत अजून बदललेलं नाही. चीक मऊ असतो, त्याला गोडच शोभतं, आणि हे मी कुणालाही पटवून द्यायला तयार आहे. कुणी विचारतच नाही.

संध्याकाळी मैनाबाईनं गंज आणून ओसरीवर ठेवला. बायकोनं झाकण काढलं. आत तांदूळ होते. पांढरेशुभ्र, निवडलेले, वर गुळाचा लहानसा खडा. अगदी रीतीप्रमाणे. बायकोनं तांदळात हात घातला, पार तळापर्यंत नेला, आणि कडेकडेनं फिरवून पाहिला. मग रिकामा हात बाहेर काढून ती तशीच बसली. सून चौकटीला टेकून उभी होती.

"इहीनबाईनं सांगतलं," मैनाबाई खाली बघत म्हणाली, "आता घरी हेच हाय. गोड मानून घ्या."

"काऊन मानून घेऊ?" मी ओरडलो. आवाज थेट थप्पीपलीकडे जाईल असा निघाला. गोठ्यात भुरी धडपडत उठून उभी राहिली, आणि मान लांब करून फाटकाकडे बघू लागली.